बेटावर रेंज कशी पोहोचते?

पुण्या-मुंबईतल्या एखाद्या सोसायटीत सतरा घरांनी प्रत्येकी 100 एमबीपीएसचं ब्रॉडबँड घेतलं, तर कागदावर त्यांची बेरीज 1.7 जीबीपीएस होते. 2023 संपेपर्यंत सगळ्या लक्षद्वीपला बाहेरच्या जगाशी जोडणारी क्षमता साधारण एवढीच होती. तिच्यावर भागवायचं होतं वस्तीच्या दहा बेटांना, 2011 च्या जनगणनेतल्या 64,473 माणसांना, शाळा, दवाखाने, बँका, पोलीस आणि कवरत्तीतल्या प्रशासनाला. ही सगळी क्षमता उपग्रहामार्फत यायची. 3 जानेवारी 2024 ला कोची ते लक्षद्वीप सागरी केबलचं उद्घाटन झालं. पंतप्रधानांच्या त्या दौऱ्यातले किनाऱ्यावरचे फोटो आणि त्यानंतर मालदीवशी झालेली खडाजंगी सगळ्यांच्या लक्षात आहे. केबल मात्र फारशी कोणाला आठवत नाही.

अशा उद्घाटनांत वेगाचे आकडे सांगितले जातात: आधी इतके होते, आता शंभर पट. आकडे खोटे नसतात. पण दूरच्या बेटांसाठी दळणवळणाचं जाळं आखणाऱ्याची झोप वेगामुळे उडत नाही. बेटावर जायला दुसरा रस्ता नसतो, शेजारच्या तालुक्यातून तात्पुरती लाइन ओढता येत नाही, दुरुस्तीचं सामान जहाजाने येतं आणि जहाज पावसाळ्यात बेभरवशाचं असतं. म्हणून ‘केबल तुटल्यावर बेटावर काय चालू राहील’ हा प्रश्न मी सगळ्यात आधी विचारीन. प्रत्यक्षात तो बहुधा सगळ्यात शेवटी विचारला जातो.

आपल्याकडे अशा नियोजनाची दोन मोठी उदाहरणं आहेत, अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीप. दोन्हीकडे गरज एकच असली तरी भूगोल अगदी वेगळा आहे.

उपग्रहाचा आधार आणि त्याची मर्यादा

सुरुवात उपग्रहापासून करावी लागते, कारण बेटांवर पहिल्यांदा तोच पोहोचतो. एक मोठी तबकडी आणि वीज असली की काम सुरू. समुद्राचा तळ खणावा लागत नाही आणि दोन बेटांमधलं अंतर आडवं येत नाही. लक्षद्वीपचं मिनिकॉय बाकीच्या बेटांपासून दक्षिणेला दोनशे किलोमीटरच्या आसपास एकटं पडलंय. उपग्रहाच्या दृष्टीने मात्र मिनिकॉय आणि कवरत्तीत काही फरक नाही.

अडचण आहे ती उंचीची. नेहमीचे संचार उपग्रह विषुववृत्तावर 35,786 किलोमीटर उंचीवर असतात. आपला आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो. समोरच्याचं उत्तर यायला आणखी पाव. म्हणजे ‘हॅलो’ म्हटल्यावर अर्धा सेकंद शांतता, आणि दोघंही एकाच वेळी बोलायला लागतात. एका बेटावरून दुसऱ्या बेटाला केलेला फोन आधी मुख्य भूमीवरच्या केंद्रात उतरून पुन्हा आकाशात जात असेल, तर ही शांतता दुप्पट होते. शेजारच्या बेटावरच्या बहिणीशी बोलायला दीड लाख किलोमीटरच्या जवळपास प्रवास, तोही फक्त एका बाजूचा.

त्यात हवामानाची भर. उपग्रहाच्या रेडिओ लहरींपैकी आखूड, म्हणजे कू-बँड लहरींना मुसळधार पाऊस सोसत नाही. त्याहून लांब लहरींचा सी-बँड पावसात टिकतो, पण त्याला तबकड्या मोठ्या लागतात. शिवाय वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास, काही दिवस सूर्य नेमका उपग्रहाच्या पाठीमागे येतो. मग रोज काही मिनिटं जमिनीवरच्या तबकडीला उपग्रहाऐवजी सूर्याचाच गोंगाट ऐकू येतो. हे वेळापत्रक आधीपासून ठाऊक असतं, पण टाळता येत नाही.

खरी कोंडी मात्र क्षमतेची. बऱ्यापैकी स्पष्ट व्हिडिओला अडीच एमबीपीएस लागतात असं धरा. 1.7 जीबीपीएसमध्ये एका वेळी सातशेही व्हिडिओ चालणार नाहीत. तेही बँक, इस्पितळ, विमानतळ सगळ्यांनी हात आखडता घेतला तर. संध्याकाळी क्रिकेटचा सामना असला की काय होत असेल, याची कल्पना करा. दुधाची तहान ताकावर भागवायची, आणि ताकही वाटीभरच.

केबल म्हणजे नक्की काय

खोल समुद्रात टाकलेली केबल 17 ते 20 मिलिमीटर जाड असते. तिच्या गाभ्यात केसासारखे काचेचे तंतू, भोवती पोलादी तारा, तांब्याची नळी आणि प्लॅस्टिकचं आवरण. प्रकाश काचेतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. चेन्नई ते अंदमान दीड हजार किलोमीटर धरलं तरी एका बाजूला सात-आठ मिलिसेकंद. उपग्रहाच्या पाव सेकंदाशी ताडून पाहा.

तांब्याची नळी कशाला, असं वाटेल. काचेतून जाताना प्रकाश मंदावत जातो, म्हणून साधारण 60 ते 100 किलोमीटरवर त्याला पुन्हा बळ देणारं यंत्र केबलमध्येच बसवलेलं असतं. त्याला रिपीटर म्हणतात. समुद्राच्या तळाशी त्याला वीज कुठून मिळणार? किनाऱ्यावरच्या केंद्रातून हजारो व्होल्टच्या दाबाने याच तांब्यातून ती पुरवली जाते. म्हणजे बेटाला जोडणारी लांब केबल ही एका अर्थाने विजेची लाइनही असते, आणि किनाऱ्यावरच्या केंद्राची वीज गेली तर केबल शाबूत असूनही मुकी होते. आखणीच्या नकाशावर समुद्रातली रेघ ठळक दिसते. तिच्या टोकाला उभी असलेली डिझेलची टाकी कोणी काढत नाही.

अंदमानची केबल चेन्नईहून निघते. लांबी सुमारे 2,300 किलोमीटर, खर्च साधारण 1,224 कोटी रुपये. पायाभरणी 30 डिसेंबर 2018 ला झाली आणि उद्घाटन 10 ऑगस्ट 2020 ला. काम बीएसएनएलचं, केबल टाकली एनईसी या जपानी कंपनीच्या भारतीय शाखेने. तेव्हाचं पोर्ट ब्लेअर (2024 पासून श्री विजयपुरम) आणि तिथून स्वराज द्वीप म्हणजे हॅवलॉक, लाँग आयलंड, रंगत, लिटल अंदमान, कार निकोबार, कामोर्टा आणि ग्रेट निकोबार अशी बेटं जोडली. चेन्नई ते पोर्ट ब्लेअर 200 जीबीपीएसच्या दोन वाटा, पुढे बेटांसाठी 100 च्या दोन. बंगालच्या उपसागरात करोनाच्या वर्षी हे काम पुरं झालं, हे कौतुकाचंच.

लक्षद्वीपची केबल 1,868 किलोमीटरची. बिनवस्तीचं पण पर्यटकांचं बंगारम धरून अकरा बेटं, आणि पाच वर्षांच्या देखभालीसह मंजूर खर्च 1,072 कोटी.

रेघ कुठून न्यायची

नकाशावर चेन्नई आणि पोर्ट ब्लेअर पट्टीने जोडणं सोपं आहे. केबल तशी जात नाही. आधी सर्वेक्षणाचं जहाज सगळा तळ ध्वनिलहरींनी चाचपतं: उतार कुठे तीव्र आहे, खडक कुठे, चिखल कुठे, जहाजं नांगर कुठे टाकतात, मासेमारी कुठे चालते. जगभरात दरवर्षी सागरी केबल दीडशे ते दोनशे वेळा तुटतात किंवा बिघडतात, आणि त्यातला बहुतांश दोष मासेमारीच्या जाळ्यांचा व जहाजांच्या नांगरांचा असतो. शार्क केबल चावतात, या गोष्टी रंगवून सांगायला बऱ्या. म्हणून उथळ पाण्यात केबलला जाड पोलादी कवच चढवतात आणि ती तळात मीटरभर पुरतात. खोल समुद्रात तिला तशीच सोडून देतात, कारण तिथे तिला त्रास द्यायला फारसं कोणी जात नाही. मुंबईत वर्सोव्याच्या छोट्या पट्ट्यात अनेक आंतरराष्ट्रीय केबल किनाऱ्याला लागतात. मासेमारांचा आणि केबलवाल्यांचा पाण्यातला वाद तिथल्या कोळीवाड्याला नवा नाही.

अंदमानच्या बाजूला भूगर्भाची चिंता वेगळी. ही बेटं ज्या रेषेवर आहेत, तिथे भारतीय भूपट्ट दुसऱ्या भूपट्टाखाली सरकतोय. 26 डिसेंबर 2004 चा भूकंप आणि त्सुनामी त्यातलीच. त्या दिवशी ग्रेट निकोबारचं दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, सुमारे सव्वाचार मीटर खाली खचलं आणि दीपस्तंभाच्या पायाशी पाणी आलं. त्याच बेटावर आज केबल उतरते. केंद्राची इमारत किनाऱ्यापासून किती आत आणि किती उंचावर हवी, हे ठरवताना नुसती भरतीची रेषा पाहून चालत नाही, जमीन स्वतःच खाली जाऊ शकते हेही धरावं लागतं.

लक्षद्वीपमध्ये डोंगरच नाहीत. प्रवाळाची बेटं समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच, भोवती खडकाळ कडा आणि कड्यापलीकडे एकदम खोल समुद्र. प्रवाळ फोडून केबल आणली तर बेटाची तटबंदीच फोडल्यासारखं होतं, कारण लाटांचा जोर तोच कडा झेलतो. अशा जागी कड्याच्या खालून आडवं भोक पाडून केबल आत घेणं हा बरा मार्ग. खर्च वाढतो, पण वाचवण्याची जागा ही नव्हे. आणि जून ते सप्टेंबर अरबी समुद्रात केबल टाकणारं जहाज काम करू शकत नाही. म्हणजे वर्षाचे आठच महिने हाताशी, त्यातही वादळ आलं तर थांबायचं.

बेटाबेटांमधलं आणि बेटावरचं

प्रत्येक बेटाला केबल कशाला, टॉवरवरून टॉवरला मायक्रोवेव्हने, म्हणजे सरळ रेषेत जाणाऱ्या रेडिओ लहरींनी जोडा की, असं कोणीही विचारेल. पृथ्वी गोल आहे ही बाब इथे आडवी येते. दोन्हीकडे 50 मीटरचे टॉवर असतील तर लहरी जास्तीत जास्त 58 किलोमीटरपर्यंत एकमेकांना दिसतात. कवरत्ती आणि अगत्ती यांच्यातलं अंतर जवळजवळ तेवढंच, म्हणजे अगदी काठावर. अंदमान आणि निकोबार यांच्यामधली ‘टेन डिग्री चॅनल’ दीडशे किलोमीटर रुंद. तिथे विषयच संपला. शिवाय पाण्यावरून जाणाऱ्या लहरी समुद्राच्या पृष्ठभागावरून उसळून मूळ लहरींत मिसळतात आणि गोंधळ घालतात. भरती-ओहोटीप्रमाणे हा गोंधळ बदलत राहतो. सकाळी उत्तम चाललेला दुवा दुपारी डळमळू शकतो. जवळच्या बेटांसाठी मायक्रोवेव्ह चांगला, आणि केबलला जोडीदार म्हणून तर फारच चांगला. एकट्याच्या भरवशावर मात्र नको.

केबल किनाऱ्याला लागली म्हणजे गावातल्या फोनवर रेंज आली, असंही नाही. तिथून टॉवरपर्यंत फायबर किंवा मायक्रोवेव्ह हवा, टॉवरला वीज हवी. बेटांवर वीज बरीचशी डिझेल जनरेटरवर बनते आणि डिझेल मुख्य भूमीवरून जहाजाने येतं. समुद्र खवळला, जहाज आलं नाही, की आधी वीज तोलून वापरली जाते आणि मग टॉवरच्या बॅटऱ्या किती तास टिकतात यावर सगळं येऊन ठेपतं. सौर पॅनल आणि मोठ्या बॅटऱ्या इथे पर्यावरणाच्या हौसेसाठी नसतात. खारी हवा लोखंड वर्षा-दोन वर्षांत खाते, म्हणून बोल्टपासून तबकडीच्या स्टँडपर्यंत सगळं गंज न धरणारं लागतं. या गोष्टी निविदेच्या शेवटच्या पानांवर असतात, आणि टॉवर बंद पडतो तो बहुतेक वेळा याच पानांवरच्या चुकांमुळे.

एक स्वस्त पण दुर्लक्षित उपाय: लोक जे पुन्हा पुन्हा पाहतात ते बेटावरच साठवून ठेवायचं. तोच व्हिडिओ, फोनचं तेच अपडेट हजार जणांनी मागितलं तर हजार वेळा समुद्र ओलांडून आणण्यात अर्थ नाही. बेटावरच्या सर्व्हरमध्ये एक प्रत ठेवली की बाहेरच्या वाटेवरचा भार पुष्कळ हलका होतो. तसंच बेटावरल्या बेटावरचा फोन बेटावरच जुळला पाहिजे. पंचायतीतून दवाखान्याला लावलेला फोन चेन्नईतल्या यंत्राला विचारून जोडला जात असेल, तर केबल तुटल्या दिवशी दोनशे मीटरवरच्या डॉक्टरशीही बोलता येणार नाही.

कुठे रेंज द्यायची नाही, हेही नियोजनात येतं. अंदमानातल्या जारवा आणि सेंटिनेली या आदिवासींच्या राखीव क्षेत्रांत बाहेरच्यांना 1956 च्या नियमनानुसार मज्जाव आहे. नॉर्थ सेंटिनेलवर टॉवर नाही याला उणीव म्हणू नये.

पैसा कोण घालतो

साधा भागाकार करू. अंदमानच्या केबलचा खर्च तिथल्या 3,80,581 लोकसंख्येत वाटला तर माणशी सुमारे 32 हजार रुपये. लक्षद्वीपमध्ये हाच आकडा 1 लाख 66 हजारांवर जातो. महिन्याच्या रिचार्जमधून कुठलीही खासगी कंपनी हे वसूल करू शकणार नाही. तिच्यासाठी हा आतबट्ट्याचाच व्यवहार. दोन्ही केबलना पैसा आला तो ‘सार्वत्रिक सेवा दायित्व निधी’तून, ज्याचं नाव आता ‘डिजिटल भारत निधी’ आहे. टेलिकॉम कंपन्यांच्या समायोजित महसुलाचे पाच टक्के त्यात जातात. म्हणजे साताऱ्यात किंवा नागपुरात भरलेल्या रिचार्जचा एक बारीकसा हिस्सा मिनिकॉयच्या केबलमध्ये आहे. मला यात काही गैर वाटत नाही. डोंगरातल्या वाडीला एसटी तोट्यात नेतो, तसंच हे.

मात्र या हिशोबात फक्त रहिवासी धरले तर चित्र अपुरं राहतं. लक्षद्वीपच्या बित्रा बेटावर 2011 मध्ये 271 माणसं राहत होती. तिथेही केबल गेली. पुढे जुलै 2025 मध्ये हे बेट संरक्षणाच्या कारणासाठी ताब्यात घेण्याच्या दृष्टीने सामाजिक परिणामांचा अभ्यास करण्याची अधिसूचना प्रशासनाने काढली, आणि तिथल्या लोकांनी व खासदारांनी विरोध केला. बेटांवरच्या केबलमध्ये नौदल, तटरक्षक दल, बंदरं यांचाही वाटा असतो. तो उघडपणे मांडला तर खर्चाचं समर्थन सोपं होतं, आणि रहिवाशांना आपण या आराखड्यात कुठे बसतो हेही कळतं.

तुटल्यावर

15 जानेवारी 2022 ला प्रशांत महासागरात टोंगाजवळ हुंगा टोंगा–हुंगा हाआपाई ज्वालामुखीचा स्फोट झाला. देशाची फिजीपर्यंत जाणारी 827 किलोमीटरची एकमेव आंतरराष्ट्रीय केबल तुटली. पहिले काही दिवस जगाला टोंगाची खबरबात विमानांतून आणि उपग्रहांतून काढलेल्या फोटोंवरून घ्यावी लागली. दुरुस्तीचं जहाज पापुआ न्यू गिनीत होतं, समुद्रमार्गे चार हजार किलोमीटरांहून दूर. केबल पाच आठवड्यांनी, 22 फेब्रुवारीला सुरू झाली. बाहेरच्या बेटांना जोडणारी देशांतर्गत केबल दुरुस्त व्हायला मात्र साधारण दीड वर्ष गेलं, कारण हाताशी पुरेशी सुटी केबल नव्हती, ती नव्याने बनवून घ्यावी लागली. विशेष म्हणजे 2019 च्या जानेवारीतही तिथली केबल तुटून देश जवळपास दोन आठवडे चाचपडला होता. तीन वर्षांनी पुन्हा तीच एक केबल, तोच अंधार.

आपल्यालाही धडा मिळालाय, आणि तोही आधी. 2004 च्या डिसेंबरात हौशी रेडिओवाल्यांचा एक गट भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली पोर्ट ब्लेअरला आला होता. अंदमानातून हॅम रेडिओ चालवायला अनेक वर्षं परवानगी नव्हती, ती त्यांनी खटपट करून मिळवली होती. VU4RBI, म्हणजे ‘व्हीयू फोर आरबीआय’, या संकेतनामावरून जगभरच्या हौशींशी गप्पा मारायचा बेत होता. 26 तारखेला त्सुनामी आली, फोन बंद पडले, आणि याच लोकांनी आपली हौस बाजूला ठेवून बेटांवरचे निरोप मुख्य भूमीला पोचवायला सुरुवात केली. दूरवर पोहोचणारा एक एचएफ (लघुलहरी) रेडिओ, एक तार, गाडीची बॅटरी एवढ्यावर हे चालू शकतं. कोट्यवधींच्या आराखड्यात या वस्तूंची किंमत नगण्य असते आणि म्हणूनच त्या राहून जातात.

आता आपल्या केबलकडे पाहू. भारताकडे स्वतःच्या ध्वजाखालचं केबल दुरुस्तीचं जहाज नाही. परदेशी जहाज बोलवायचं, त्याच्या परवानग्या काढायच्या. दूरसंचार नियामक ट्रायने 2023 मधल्या शिफारशींत ही उणीव दाखवलीही आहे. दुरुस्ती ही अशी गोष्ट आहे की जहाज वेळेवर आलं तरी समुद्र शांत असावा लागतो. लक्षद्वीपची केबल जूनच्या मध्यावर तुटली तर सप्टेंबरपर्यंत काय करायचं, याचं लेखी उत्तर तयार हवं.

ते उत्तर बऱ्याच अंशी जुन्या तबकड्यांत आहे. केबल आली की उपग्रहाची भाड्याची क्षमता सोडून द्यायचा मोह होतो, कारण तिचं बिल दर महिन्याला येतं आणि ती बहुतेक दिवस रिकामी बसते. ती सोडू नये. मात्र केबलच्या शंभर-दोनशे जीबीपीएसची सवय झालेलं बेट दोन जीबीपीएसवर उतरेल, तेव्हा आधी कोणाला जागा द्यायची हे यंत्रात आधीच बसवलेलं पाहिजे: इस्पितळ, पोलीस, हवामानाचे इशारे, साधे फोन, यूपीआय. यूपीआयला क्षमता फार थोडी लागते, आणि ते बंद पडलं तर हॅवलॉकला आलेल्या पर्यटकाला शहाळंही घेता येणार नाही, कारण आजकाल खिशात रोख असतेच कोणाच्या? व्हिडिओला तेवढे दिवस रजा.

साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरणाऱ्या नव्या उपग्रहांमुळे हे गणित थोडं बदलेल. त्यांना विलंब फार नाही, तबकडी पिझ्झाच्या खोक्याएवढी, आणि स्टारलिंकला जून 2025 मध्ये भारतात परवानाही मिळाला आहे. बित्रासारख्या बेटासाठी आज कोरा कागद घेऊन बसलं तर मी आधी अशा दोन तबकड्या, सौर वीज आणि शेजारच्या बेटाशी मायक्रोवेव्ह लिहीन, केबल नंतर. पोर्ट ब्लेअरसाठी मात्र उलट क्रम: तिथे एकाच वेळी फोन काढणारी माणसं इतकी आहेत की आकाशातून सगळ्यांना पुरवणं परवडणार नाही, त्यामुळे पुढचा पैसा चेन्नईखेरीज दुसऱ्या एखाद्या किनाऱ्यावरून, वेगळ्या वाटेने येणाऱ्या दुसऱ्या केबलसाठी ठेवायला हवा.